गंगापूर रोडवरचा गुरू ग्रह

कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा आग्रहही नाही. पण आपल्या सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह नाशकात, गंगापूर रोडच्या कडेला, सकाळी साडेदहाच्या सुमारास भाजीच्या हातगाडीशेजारी कोयत्याच्या एका घावात दुभंगला आणि कापडी पिशवीत बसून डब्यांच्या स्वयंपाकाला निघून गेला. त्या वेळी रस्त्यावर वर्दळ होती. दोन रिक्षा, एक शाळेची बस आणि पाण्याचे जार नेणारा टेम्पो त्या ग्रहाच्या अंगावरून म्हणावं इतक्या जवळून गेले. एकानंही मान वळवली नाही.

कापणारा होता गोटीराम. वय सत्तरच्या पलीकडे, डोक्यावर पांढरी टोपी, गाडीवर मेथी, कोथिंबीर, गाजरं, वांगी आणि तोंडात सतत एखादी गोष्ट. अख्खा रस्ता त्याला आबा म्हणायचा. आबाच्या गाडीवर भाजी शेजारच्या गाड्यांपेक्षा ताजी असायची असं नाही, पण जुडीबरोबर गोष्ट फुकट मिळायची. त्याच्या विहिरीत एकदा गोदावरीचा उलटा प्रवाह शिरला होता. त्याच्या बैलाला रेडिओवरच्या बातम्या कळत आणि बाजारभाव पडले की तो चारा सोडत असे. गिऱ्हाईक हसत हसत "आबा, काहीही" म्हणायचं आणि जाताना अर्धा किलो गाजरं जास्त न्यायचं. यात कोणाचं काही बिघडत नव्हतं. निदान गोटीरामची तशी समजूत होती, ती त्याच्या नातीनं मोडली.

नात म्हणजे हर्षाली. पाचवीत असताना तिनं आबाला विचारलं होतं की रामशेजचा डोंगर असा एकटाच कसा उभा. आबानं गाजरं धुता धुता सांगून टाकलं, की तो मंगळाचा तुटलेला कोपरा हाय, पडला तेव्हा पेठपर्यंत भांडी वाजली. पोरीनं ते खरं मानलं आणि वर्गात उभं राहून सांगितलं. वर्ग हसला, बाईही हसल्या. पुढं दोन वर्षं शाळेत तिचं नाव रामशेज पडलं. घरी येऊन ती रडली नाही, भांडलीही नाही. फक्त त्या दिवसापासून आबा काहीही बोलला, की ती शांतपणे विचारायची, "खरं का?" आबानं म्हणावं, आभाळ आलंय, तर ही अंगणात जाऊन वर बघून यायची. जेवायला बसल्यावर आबानं म्हणावं, आमटी खारट झालीय, तर ही आधी बोट लावून बघायची. चार वर्षं झाली तरी ते चालूच होतं. गोटीरामला आयुष्यात लोकांनी लय नावं ठेवली, पण त्या दोन शब्दांइतकं काही लागलं नव्हतं.

आता ती नववीत होती. शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि त्यातला एक प्रयोग जिल्ह्याला जाणार होता. इतर मुलं थर्मोकोलचे ज्वालामुखी करत होती. हर्षाली एका रविवारी आबाच्या मळ्यात आली, द्राक्षाच्या घडातला एक गोल मणी तोडला, पट्टीनं मोजला आणि म्हणाली, "दोन सेंटिमीटर. ही पृथ्वी."

"आंबट असंल अजून," साळूबाई म्हणाली. साळूबाई ही गोटीरामची बायको, घोटीकडची, भातशेतीतल्या घरची.

"खायची नाहीये, आजी. पृथ्वी एवढी धरली, तर बाकीचे ग्रह केवढे आणि किती लांब, ते सगळं खऱ्या प्रमाणात मांडायचं. कागदावर नाही. रस्त्यावर."

मग तिनं वहीत आकडेमोड केली आणि मळ्यातून, गाडीवरून ग्रह गोळा केले. शुक्र म्हणजे दुसरं द्राक्ष, कणभर लहान. मंगळ टपोरा वाटाणा. बुध हरभऱ्याचा दाणा. शनी कोबीचा गड्डा, त्याभोवती जुन्या टोपलीची कड काढून केलेलं कडं. युरेनस फिकट हिरवा नवलकोल, तोही आडवा, कारण तो ग्रह कुशीवर पडल्यासारखाच फिरतो. नेपच्यून भरताचं गोल वांगं. सूर्य कशाचाच होईना, म्हणून सव्वादोन मीटरच्या बांबूच्या कड्यावर साळूबाईचं पिवळं लुगडं ताणून तो शाळेच्या फाटकाला टांगायचा ठरला.

अंतरं तिनं सायकलनं मोजली. चाकाला लाल चिंधी बांधली आणि शाळेपासून निघून चिंधी किती वेळा वर येते ते मोजत गेली. बुध नव्वद मीटरवर, रसवंतीपाशी. पृथ्वी दोनशे पस्तीस मीटरवर, झेरॉक्सच्या दुकानात. मंगळ साडेतीनशेवर. तिथून पुढं चिंधी वर येतच राहिली आणि काहीच येईना. सव्वा किलोमीटर झाल्यावर चाक थांबलं, ते नेमकं आबाच्या गाडीसमोर.

"इथं गुरू," हर्षाली म्हणाली. पण तिच्या आवाजात आनंद नव्हता. तिनं पुढं औषधांच्या दुकानाकडं पाहिलं, मागं चहाच्या टपरीकडं पाहिलं, परत वही काढून भागाकार केला. उत्तर तेच आलं.

"मी काय ग्रहाला चावणार हाय का?" गोटीराम म्हणाला.

"तसं नाही. प्रत्येक ग्रहाजवळच्या माणसानं माहिती सांगायची आहे. परीक्षक येणार. तुम्ही..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"मी जसं शिकवशील तसं सांगीन. एक अक्षर इकडचं तिकडं नाय."

"खरं का?"

"खरं," गोटीराम म्हणाला, आणि या खेपेला ते खरंच खरं होतं.

पुढं महिनाभर संध्याकाळी तिघांची शाळा भरायची. हर्षाली सांगायची, की साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी इथं नुसता वायू आणि धुळीचा ढग होता. तो स्वतःच्याच वजनानं आत आत कोसळला, गरागरा फिरायला लागला, फिरता फिरता भाकरीसारखा चपटा झाला. मधोमध सूर्य पेटला. उरलेली धूळ एकमेकांना चिकटत गेली, खडे झाले, खड्यांचे धोंडे, धोंड्यांचे ग्रह. सूर्याजवळ इतकं तापलं होतं की बर्फ टिकलंच नाही; दगड आणि लोखंड तेवढं राहिलं. म्हणून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ लहान आणि टणक. लांब, जिथं गारठा होता, तिथं बर्फ टिकलं, ग्रह झपाट्यानं वाढले आणि वायू गिळून फुगले.

"मंजी उफणणीच की," साळूबाई म्हणाली. "जड दाणा पायापाशी, फोल लांब."

"जवळजवळ तसंच, आजी. फक्त इथं वाऱ्यापेक्षा उष्णतेनं जास्त निवड केली."

"आन् गुरू?" गोटीरामनं विचारलं. त्याला स्वतःचा ग्रह सोडून बाकीच्यांत रस नव्हता.

"गुरू सगळ्यांच्या आधी तयार झाला, म्हणतात. बाकीचे सगळे ग्रह एका पारड्यात टाकले तरी हा अडीचपट भरेल. त्याच्या अंगावर अकरा पृथ्व्या ओळीत बसतील. आणि इतका मोठा असून दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. उभं राहायला जमीनच नाही, वरून आत वायूच वायू, खाली खाली दाट होत गेलेला. नव्वदच्या वर चंद्र. आणि एक लाल वादळ, पृथ्वीपेक्षा मोठं, शेकडो वर्षं घोंगावतंय."

एका संध्याकाळी तिनं आणखी एक सांगितलं, की काही शास्त्रज्ञांचा अंदाज असा आहे, गुरू तरुणपणी आपली जागा सोडून सूर्याकडं सरकत गेला, पार आताच्या मंगळापर्यंत आला, आणि मग शनीच्या ओढीनं मागं फिरला. जाता येता त्यानं तिथला माल विस्कटून टाकला, म्हणून मंगळाला वाढायला पुरेसं उरलं नाही आणि तो वाटाण्याएवढाच राहिला. ते ऐकून गोटीरामचे डोळे असे चमकले, की हर्षालीनं ताबडतोब वही मिटली. "आबा, हे सांगायचं नाही. हा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही. जे पक्कं आहे तेवढंच."

"नाय सांगत," गोटीराम म्हणाला.

गुरूचा भोपळा तिनं मळ्यातच हेरून ठेवला होता. बावीस सेंटिमीटर हवा होता. एकवीस नको, चोवीस नको. दोन दिवसांआड ती दोरी घेऊन वेलाजवळ बसायची, भोपळ्याला मिठी घातल्यासारखी दोरी फिरवायची आणि पट्टीवर लावायची. गुरूवरचे पट्टे आडवे असतात आणि भोपळ्याच्या रेघा उभ्या, म्हणून तो कुशीवर ठेवायचा हेही तिचंच. खाली पेंढा घालून तिनं तो असा वाढवला, की कुठं डाग नाही. माप भरलं त्या दिवशी स्वतः देठ कापला आणि आबाच्या हातात दिला. मग आबा म्हणाला, उद्या थंडी वाढंल, तर तिनं "खरं का" विचारलं नाही. गोटीराम रात्रभर गोधडीत जागा राहून तेवढंच आठवत होता.

प्रदर्शनाचा दिवस फेब्रुवारीतला शनिवार. सकाळी हर्षालीनं स्वतः येऊन गाडीशेजारी क्रेट उलटं घातलं, त्यावर पांढरं फडकं, फडक्यावर कुशीवर टेकवलेला गुरू, भोवती झेंडूची माळ. "अकराच्या आसपास येऊ. प्रतिभा मॅडम परीक्षक आहेत, कॉलेजात शिकवायच्या. फार कडक आहेत म्हणे." जाता जाता ती मागं वळली. "आबा, तुम्ही आहात म्हणून इथली काळजी नाही." आणि सायकलवर बसून सूर्याकडं निघून गेली.

सव्वादहापर्यंत गोटीराम शहाण्यासारखा वागला. दोन गिऱ्हाइकांना त्यानं माहिती सांगितली, अगदी शिकवली तशी. आणि मग सुलाबाई आली.

सुलाबाई डबे करून पोरांना पोचवायची. रोजचं गिऱ्हाईक, तोंडाची फटकळ, मनाची चांगली. "आबा, आज भोपळा नाही दिसत? पोरं मेथीला कंटाळलीत."

"भोपळा नाय आज."

"मग हे काय?"

"तो भोपळा नाय, बाई. गुरू हाय." आणि गोटीरामनं सांगायला सुरुवात केली. नातीचं प्रदर्शन, अकरा पृथ्व्या, दहा तास, लाल वादळ. सुलाबाईनं ऐकून घेतलं, पण ऐकताना तिचा हात मेथीच्या जुड्या उलटसुलट करत होता. पिवळी पानं निवडत होती. गोटीराम गोष्ट सांगतोय आणि गिऱ्हाईक मेथी निवडतंय, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. त्याला ते झोंबलं. खऱ्याचं काय हे असं, त्याला वाटलं, खरं सांगावं तर माणूस मेथीकडं बघतं.

तेव्हा त्यानं जरा मीठ घातलं. हा भोपळा बघायला दिल्लीहून माणसं आली होती मळ्यात, पांढरे कोट घालून. यंत्र लावलं तर यंत्राचा काटा वाकला. सुलाबाईचा हात थांबला. ती हसली. गोटीराम फुलला. त्यानं आणखी घातलं. सगळं झाल्यावर सुलाबाई म्हणाली, "पण आबा, आत जमीनच नाही म्हणता, नुसता वायू. म्हणजे हा पोकळ?" आणि वाकून तिनं गुरूवर टिचकी मारली, कान लावला. "आवाज तर पोकळच येतोय हो."

आता इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी. भाजीवाल्याच्या मालाला कोणी पोकळ म्हटलं, तर त्याला तोंडानं उत्तर देण्याची रीत नाही. तिथल्या तिथं कापून दाखवायचं. आत लाल निघालं की गिऱ्हाईक गप्प. गोटीरामच्या बापानं तसं केलं, गोटीरामनं जन्मभर तसंच केलं. कोयता गाडीच्या कडेला असतोच.

कोयता वर गेला तेव्हा सुलाबाईचं हसू थांबलं. "अहो आबा, राहू द्या. पोरीचा आहे ना तो? मी नुसतं म्हटलं."

हे त्यानं ऐकलं. नीट ऐकलं, शब्द न् शब्द. टेम्पोच्या आवाजात ते बुडालं नव्हतं, हॉर्नमध्ये नाही, कशातच नाही. कोयता हवेत होता आणि तिथंच थांबवता आला असता. पण तिच्या चेहऱ्यावर मघाचं हसू होतं तिथं आता काळजी आली होती, आणि गोटीरामला ते हसू परत हवं होतं. त्यानं घाव घातला.

भोपळा कुरकुर न करता उघडला. आत केशरी, चार बोटं जाड गर, मधे बियांचं जाळं. "वा," सुलाबाई म्हणाली, कारण म्हणण्याजोगाच होता. तो एक "वा" कानात जिरेपर्यंत गोटीराम सुखात होता. मग त्यानं खाली पाहिलं. झेंडूच्या माळेत गुरूच्या दोन वाट्या पडल्या होत्या आणि पांढऱ्या फडक्यावर पाणी पसरत होतं.

"आता हो?" सुलाबाई म्हणाली.

"काय आता? एवढाच का भोपळा हाय माझ्याकडं? दुसरा हाय खाली," गोटीराम म्हणाला. गाडीखाली रिकामं पोतं होतं. "ने तू हा. दोन्ही ने."

"पैसे..."

"पैसे नको. ने बाई, आधी ने."

ती पिशवी सांभाळत वळणाआड गेली आणि मग त्याला सुचायला लागलं. एक वाटी ठेवून घेतली असती आणि कापलेली बाजू मागं केली असती, तर पुढून गुरू सबंध दिसला असता. दोन्ही वाट्या जोडून वर माळ गुंडाळली असती तरी चाललं असतं. पण त्या क्षणी त्याला गुरू वाचवायचा नव्हता. समोरून नाहीसा करायचा होता. हे लक्षात आलं आणि तो गाडीच्या दांड्याला धरून खाली बसला.

त्यानं फडकं उलटं करून घातलं. माळ सारखी केली. मधे जागा रिकामी राहिली, बावीस सेंटिमीटरची. एकदा त्यावर दुधी ठेवून पाहिला, लगेच काढला. पोरीला ते बघायला लागलं असतं तर रिकाम्या क्रेटपेक्षाही वाईट. शेजारच्या गाडीवर भोपळा होता, पण फाकी करून ठेवलेला. मळ्यातून दुसरा आणायचा तर मळा इथून पावणेसहा किलोमीटर पुढं, नेपच्यूनपाशी, आणि घड्याळात पावणेअकरा.

फोन वाजला. तिकडून हिरामण, शाळेपासून सव्वादोन किलोमीटरवरचा पंक्चरवाला, ज्याच्या स्टुलावर शनी होता. "आबा, माझा कोबी एकदम झकास. दोघं कड्याबरोबर फोटो काढून गेले. तुमचा गुरू?"

"हाय ना," गोटीराम म्हणाला.

पाचच मिनिटांनी साळूबाईचा. तिच्या ताब्यात नेपच्यून. "आवो, वांगं सुकाया लागलं उन्हानं. पाणी मारू का?"

"मार."

"मारते. तिथं लय गारठा असतो म्हणं, मंग चालंल पाणी. आन् तुमचा भोपळा बरा हाय ना?"

"बरा हाय."

"मी आपलं इचारलं. काल पोरगी काय बोलली माझ्यापाशी, सांगू का? म्हणली, आजी, सगळ्यात मोठा ग्रह आबांकडं आला ते बरं झालं. मला आता त्यांची भीती वाटत नाय."

गोटीरामनं फोन ठेवला. फोन हातातच होता, हर्षालीचा नंबर पहिलाच होता, तिनंच तसा घालून दिला होता. एक दाबला की लागतो. सांगायचं तरी किती होतं? पोरी, मी कापला. तीन शब्द. त्यानं ते पुटपुटून पाहिले. पोरी, मी कापला. कोथिंबिरीवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणून पाहिले. जन्मभर त्यानं इतक्या गोष्टी सांगितल्या, विहिरी उलट्या वाहवल्या, बैलाला बातम्या ऐकवल्या, आणि हे तीन शब्द तोंडात धरले तर काट्यासारखे आडवे होत होते. सुलाबाईनं थांबवलं होतं, हे तर त्याहून पुढचं. ते त्यानं पुटपुटूनही पाहिलं नाही.

अकराला पाच कमी असताना रिक्षा आली. आधी हर्षाली उतरली, गळ्यात शाळेचं ओळखपत्र, हातात वही, चेहरा उन्हानं आणि आनंदानं लाल. मागून प्रतिभा मॅडम उतरल्या. करड्या केसांच्या, हातात कागद आणि पेन. "म्हणजे मंगळापासून इथवर काहीच नाही?" त्या विचारत होत्या. "रिक्षात बसून पहिल्यांदा कळलं, मधे केवढी मोकळी जागा आहे ते. पुस्तकातल्या चित्रात हे कुठं दिसतं? फार सुंदर, बाळ."

"आणि हा गुरू," हर्षाली हात दाखवत म्हणाली, आणि हात तसाच राहिला.

क्रेट, फडकं, माळ, मधे काही नाही.

"नमस्कार, आजोबा," मॅडम म्हणाल्या. "गुरू कुठं आहे तुमचा?"

गोटीरामनं तोंड उघडलं. ते तीन शब्द जिभेवर आणून ठेवलेले होते. पण तोंडाला सत्तर वर्षांची सवय. उघडलं की ते आपल्या वाटेनंच चालायचं.

"मॅडम, तेच तर सांगायचं हाय," तो म्हणाला. "गुरू जागेवर नाय. तुम्ही बरोबर वेळेला आलात. आज आपल्याला तो आता कसा हाय ते दिसतं, पण पहिल्या वेळचा गुरू काय एका जागी बसणारा नव्हता. ढगातनं नुकताच घडलेला, अंगात रग, पुढ्यात वायू भरपूर. खात खात सूर्याकडं सरकला. तिथं मंगळाचं ताट वाढलेलं, त्याच्यातलं विस्कटलं. म्हणून तुम्ही मागं बघितला ना वाटाणा, तेवढाच राहिला बिचारा. मग शनीनं ओढलं तेव्हा कुठं माघारी फिरला. तवर ही जागा अशीच. मोकळी."

तो बोलत होता आणि शब्द तुळतुळीत येत होते. त्यानं गेल्या महिन्याभरात इतकं चांगलं काही सांगितलं नव्हतं. मॅडमचं पेन थांबलं, त्यांनी चष्मा वर केला.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "हा विचार खरोखर मांडला गेलाय. वादाचा आहे अजून, पण आहे. मी एम.एस्सी.च्या मुलांना शिकवताना सांगायची. रिकामी जागा ठेवून गुरूचं सरकणं दाखवायचं..." त्या स्वतःशीच हसल्या. "वीस वर्षं परीक्षक म्हणून फिरतेय, हे पाहिलं नव्हतं."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. गोटीरामला अक्षरं उलटी दिसत होती, पण लिहिण्याचा वेग चांगला दिसत होता. सुटलो, त्याला वाटलं. पोरगी जिल्ह्याला गेली. आणि त्याच दमात त्यानं हर्षालीकडं पाहिलं.

ती क्रेटकडं बघत नव्हती. त्याच्याकडं बघत होती. राग असता तर त्यानं खाली मान घालून सोसला असता. पण ती तशीच बघत होती, जशी आमटीला बोट लावून बघायची, आभाळ बघून यायची. चार वर्षांपूर्वीचं ते बघणं, जे भोपळा हातात देताना तिनं सोडून दिलं होतं, ते परत आलं होतं. ह्यापेक्षा तिनं रडावं, त्याला वाटलं. मोठ्यानं रडावं, गाडीवरचं वांगं फेकून मारावं.

"ही कल्पना तुझी का गं?" मॅडमनी तिला विचारलं.

"गुरू सरकल्याचं मीच सांगितलं होतं आबांना," हर्षाली हळू म्हणाली.

"म्हणजे जागा मुद्दाम रिकामी ठेवलीस?"

प्रश्न सरळ होता, आणि त्याचं उत्तर पोरीला द्यायचं होतं. हो म्हटलं तर जिल्हा. आणि मग आयुष्यभर ती आणि आबा एकाच खोट्याचे भागीदार. नाही म्हटलं तर सगळा रस्ता, सगळे ग्रह, चाकाची ती मोजलेली चिंधी, सगळं या एका क्रेटपाशी अडून राहणार. हे तिच्यासमोर कोणी ठेवलं होतं, ते गोटीरामला लख्ख दिसलं. आता तरी बोल, तो स्वतःला म्हणाला. तीन शब्द.

"मुद्दामच, मॅडम," तोंड म्हणालं. "पोरीनंच ठरवलं होतं. भोपळा आणलाच नव्हता आम्ही. आज सकाळपासनं इथं काही नव्हतंच."

मॅडमनी पेन कागदाला टेकवलं.

हर्षालीनं वही छातीशी धरली, आबाच्या डोळ्यांतून नजर न काढता एक पाऊल पुढं आली, आणि रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानंही वर बघावं एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आबा, हे खोटं आहे."